कर्नेल-बांधणीतील विलंबाचा शोध

ऑपरेटिंग सिस्टिमची बांधणी मूळ संहितेपासून करावयास लागणारा वेळ हा वरवर पाहता यंत्रशक्तीचा प्रश्न वाटतो. इतिहास मात्र निराळे सांगतो. विलंबाचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून, संहितेचा कोणता भाग कोणत्या भागावर अवलंबून आहे, याच्या नोंदीत आढळून आले आहे.

१९७६ साली बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हा प्रोग्रॅम रचला. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करावयाची राहून गेल्यामुळे एका सहकाऱ्याने निर्दोष प्रोग्रॅममध्येच दोष शोधण्यात वेळ घालविला होता. हे त्याचे निमित्त. फाइलींच्या बदलाच्या वेळा ताडून जेवढे आवश्यक तेवढेच पुन्हा कंपाइल करावे, हे ‘मेक’चे सूत्र होय. अचूकता व वेग ही दोन्ही फले एकाच नोंदीची होती.

पुढे मोठ्या प्रकल्पांत प्रत्येक डिरेक्टरीसाठी ‘मेक’ स्वतंत्रपणे चालविण्याची प्रथा रूढ झाली. बांधणी मंदावली, की दोष ‘मेक’कडे जाई. पीटर मिलर यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले की, या प्रथेने अवलंबनाचा आलेखच खंडित होतो. परिणामी कधी अनावश्यक फाइली कंपाइल होतात, तर कधी आवश्यक त्या सुटतात.

अनेक प्रोसेसर उपलब्ध झाल्यावर फाइली एकाच वेळी कंपाइल करता येऊ लागल्या. तथापि जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेली मर्यादा येथेही लागू पडते: जो भाग क्रमानेच करावा लागतो, तो एकूण लाभास सीमा घालतो. सर्व तुकडे सिद्ध झाल्यावरचे अखेरचे लिंकिंग हे त्याचे ठळक उदाहरण होय.

लिनक्सच्या बाबतीत मुख्य भार हेडर फाइलींचा ठरला. एक हेडर दुसऱ्यास ओढून आणते, दुसरे तिसऱ्यास. आणि प्रत्येक सी फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होत असल्याने तीच संहिता कंपायलरला हजारो वेळा वाचावी लागते. इंगो मोल्नार यांनी जानेवारी २०२२मध्ये हे गुंते सोडविणारे २,२००हून अधिक बदल प्रसिद्ध केले. त्यांच्या मापनानुसार बांधणीचा वेग ५० ते ८० टक्क्यांनी वाढत होता. ही मालिका समग्र स्वरूपात मूळ कर्नेलमध्ये समाविष्ट झाली नाही. निदान झाले तरी उपचारासाठी संहितेचा जवळजवळ प्रत्येक विभाग हलवावा लागतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

सारांश, यंत्र वाढविल्याने विलंब झाकला जातो. तो नाहीसा होतो अवलंबनाची खरी नोंद ठेवल्यानेच.