सॅक्सोफोन शिकताय? आधी शरीराची तयारी

‘डॉक्टर, दमा आहे. सॅक्सोफोन शिकलो तर चालेल का?’ दमा आटोक्यात असेल, तर बहुतेकांना चालतो. इनहेलर मात्र बंद करू नका. वादन हा औषधाला पर्याय नाही.

सॅक्सोफोनला छाती फुटेस्तोवर फुंकावे लागते, हा गैरसमज आहे. माउथपीसवर बसवलेली पातळ पट्टी, म्हणजे रीड, कंप पावली की स्वर उमटतो. त्यासाठी हवेचा संथ, सलग झोत हवा. खांदे न उचलता, पोट आणि बरगड्या फुगतील असा श्वास घ्या आणि ‘स्स्’ करत सावकाश सोडा. वाद्य हाती येण्यापूर्वीच हा सराव सुरू करता येतो. चक्कर आली किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या, तर बहुधा तुम्ही भराभर खोल श्वास घेत आहात. थांबा, बसा, नेहमीसारखा श्वास घ्या. छातीत दुखले किंवा धाप लागली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

सुरुवातीला दीड किंवा दोन नंबरची मऊ रीड घ्या. खालचा ओठ दातांवर हलकाच दुमडायचा असतो. जबडा आवळून चावल्यास ओठाला आतून जखम होते. दिवसातून दोनदा दहा-पंधरा मिनिटे पुरे. कवळी असेल किंवा दात हलत असेल, तर आधी दंतवैद्यांना भेटा.

नवशिके बहुधा आल्टो सॅक्सोफोन घेतात. त्याचे वजन साधारण अडीच किलो असते आणि सगळा भार गळ्यातल्या पट्ट्यावर येतो. पट्टा इतका आखूड करा, की मान न वाकवता माउथपीस तोंडाशी येईल. मानेचे दुखणे असेल, तर दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा हार्नेस घ्या. उजव्या अंगठ्यावर वजन पेलू नका. मनगट तिथूनच दुखू लागते.

स्वच्छतेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. वाजवून झाल्यावर रीड काढून वाळवा, नळीतून कापड ओढून ओल पुसा आणि आठवड्यातून एकदा माउथपीस कोमट पाणी व साबणाने धुवा. उकळत्या पाण्यात टाकू नका, खराब होईल. ओलसर वाद्यात बुरशी वाढते आणि ती श्वासातून जाऊन फुप्फुसांना ॲलर्जीची सूज आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. खोकला आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर डॉक्टरांना ‘मी सॅक्सोफोन वाजवतो’ हे आवर्जून सांगा. आम्हाला विचारायचे सुचेलच असे नाही! जुने वाद्य घेतले, तरी रीड नवी घ्या. क्लासमध्ये एकमेकांचा माउथपीस वापरू नका, ओठांवर जर उठला असेल तर मुळीच नाही.

काचबिंदू, हर्निया, अनियंत्रित रक्तदाब, पूर्वी झालेला न्यूमोथोरॅक्स, किंवा नुकतीच झालेली डोळ्यांची वा पोटाची शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल, तर वाद्य विकत घेण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांना विचारा.