राखण

चंदगड म्हटलं की लोकांना काजू आठवतात, मला मात्र राखण आठवते. शिवरायांनी पोर्तुगीजांवर नजर ठेवायला इथे पारगड बांधला, तेव्हा भीती माणसांची होती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. सातबाऱ्यावरचा जिल्हा बदलला, राखण काही सुटली नाही. आधी रानडुकरं होतीच. २००२ मध्ये कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेले हत्ती पुढे इकडेही आले. त्यांना कुठली आलीय राज्याची सीमा! एका रात्रीत उभा ऊस आडवा. पिकाचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते. पण डबे बडवत जागून काढलेल्या रात्री पंचनाम्यात कुठे येतात? म्हणून म्हटलं, निदान इथे तरी लिहून ठेवाव्यात.