भोर घाटाचे टाकून दिलेले काम (थ्रेड)

पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, तोवर प्रवासी वडापाव उरकून घेतात. ज्या चढासाठी ही तयारी, त्याचे काम एका नामांकित कंत्राटदाराने अर्ध्यावर सोडले होते.

विल्यम फॅव्हिएल हा काही ऐरागैरा नव्हे. १८५३ साली सुरू झालेल्या मुंबई-ठाणे लोहमार्गाच्या बांधणीत त्याचा वाटा होता. २४ जानेवारी १८५६ रोजी त्याने भोर घाट हाती घेतला. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढण, २५ बोगदे, ८ मोठे दगडी पूल. पावसाळ्यात काम ठप्प, तळावर पटकीचे भय. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून दंगा उसळला आणि मार्चमध्ये फॅव्हिएलने कंत्राट सोडले.

दोन्ही बाजूंचे रूळ मात्र केव्हाच तयार होते. मुंबईची गाडी १८५६ पासून खोपोलीपर्यंत येई, पुण्याची १८५८ पासून खंडाळ्यापर्यंत. मधला घाट पालखीतून किंवा तट्टावरून पार करावा लागे.

त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज कंत्राटदाराने हे काम पत्करले. हिंदुस्थानात उतरल्यावर पंधरा दिवसांतच तो मरण पावला.

त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट परत केले असते, तर तिला कोणी नावे ठेवली नसती. तिने ते स्वतःकडे ठेवले आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोघांना व्यवस्थापक नेमले. ज्या कामाने एकाची उमेद खचवली आणि दुसऱ्याच्या वाट्याला पुरते पंधरा दिवसही येऊ दिले नाहीत, ते या दोघांनी स्वीकारले.

कातळ तोच होता, पाऊसही तोच. फरक पडला तो माणसे टिकवण्यात. चोख व्यवस्था आणि मोकळा हात यांमुळे दोन हंगाम २५,००० मजूर टिकले. १८६१ मध्ये संख्या ४२,००० वर गेली. मजुरीच्या दंग्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे लोटली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रीयर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. ज्याच्या आराखड्यावर तो उभा राहिला, तो मुख्य अभियंता जेम्स बर्कली आदल्याच वर्षी वारला होता. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर यांची उमेद व कर्तबगारी सरकारी गॅझेटियरने नावानिशी गौरवली. श्रीमती ट्रेडवेल यांचे व्यवस्थापक म्हणून. त्या परिच्छेदात मजुरांची संख्या आहे, नाव एकाचेही नाही.