वय २६, नाव नाही

लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये एक तरुण कमरेवर हात ठेवून, कोपर पुढे काढून, येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहतो. मिशा वर वळवलेल्या, डोक्यावर रुंद काठाची काळी हॅट, ओठांच्या कोपऱ्यात मिश्कीलपणा. चित्राच्या कोपऱ्यात लॅटिनमध्ये दोनच गोष्टी लिहिल्या आहेत: वय २६, साल १६२४. चित्रकार हार्लेमचा फ्रान्स हाल्स. माणूस कोण, याचा पत्ता नाही.

नाव न लिहिण्यात गूढ काही नव्हते. त्या काळी डच मंडळी व्यक्तिचित्र काढून घेत ते घरातल्या भिंतीसाठी. तिथे हा कोण, हे पोरासोरांनाही ठाऊक असे. वय मात्र सरणारे, म्हणून ते नोंदवायचे. फार तर घराण्याचे कुलचिन्ह रंगवायचे. पुढे वारस पांगले, चित्र लिलावात गेले, की साल आणि वय उरे. माणूस कोण, हे सांगणारे कोणी राहत नसे.

या तरुणाच्या बाहीवर मात्र बरेच काही लिहिलेले आहे, म्हणजे भरलेले आहे. काळ्या कापडावर सोनेरी, लाल आणि पांढऱ्या धाग्यांत मधमाश्या, बाण, ज्वाळा, प्रेमाच्या गाठी. जवळून पाहिले तर यातले कितीतरी नुसते कुंचल्याचे झरझर फटकारे आहेत. ही सगळी प्रेमाची चिन्हे, म्हणून काही अभ्यासकांना चित्र साखरपुड्याच्या सुमाराचे वाटते. पण जोडीचे स्त्रीचित्र कुठे सापडलेले नाही.

हाल्स मधल्या काळात विस्मृतीत गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रेंच समीक्षक थोरे याने त्याला पुन्हा उजेडात आणले. १८६५ साली पॅरिसच्या लिलावात या चित्रावरून लॉर्ड हर्टफर्ड आणि बॅरन जेम्स द रॉथ्सचाइल्ड यांच्यात चुरस लागली. हर्टफर्डने ५१,००० फ्रँक मोजले. लिलावाचा गाजावाजा झाला आणि हाल्सचा भाव वधारला.

आज जगभर चालणारे 'द लाफिंग कॅव्हलियर' हे नाव त्यानंतरचे, व्हिक्टोरियन लंडनचे. १८८८पर्यंत ते रूढ झाले होते. खरे तर तो दात दाखवून हसत नाही, आणि सरदार असल्याचाही पुरावा नाही.

इतिहासकार पीटर बीस्बूर यांनी एक उमेदवार सुचवला आहे: हार्लेमचा श्रीमंत कापडव्यापारी टीलेमान रोस्टरमान. हाल्सनेच १६३४ साली रंगवलेले त्याचे चित्र अमेरिकेत क्लीव्हलंडच्या संग्रहालयात आहे आणि दोन्ही चेहऱ्यांत साम्य दिसते. मात्र दुजोरा देणारा कागद अजून हाती आलेला नाही.