भिंत दुकानदाराची, पोस्टर कंपनीचं

आजचा भाग ऐकायच्या आधी एक छोटासा प्रश्न. तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाचं नाव काय?

आठवलं नाही ना? "कोपऱ्यावरचं", "काकांचं", फार तर "गिरणीशेजारचं". पण त्याच दुकानाच्या पाटीवर कुठल्या कोल्ड्रिंकची बाटली रंगवली आहे किंवा कुठल्या सिमकार्डाचा लाल-निळा रंग आहे, ते मात्र तुम्ही झोपेतसुद्धा सांगाल. दुकान काकांचं, भाडं काका भरतात, पहाटे शटर काका उघडतात. आणि आपल्या डोक्यात नाव राहतं कंपनीचं. हे झालं कसं? एवढी मोक्याची जागा काकांनी दिली, ती कशाच्या बदल्यात?

कारण फुकट कधीच दिलेली नाही. हा सगळा इतिहास चाळताना मला तरी हेच दिसलं. गेली सव्वाशे वर्षं छोट्या दुकानाच्या भिंतीवर जायचं तर कंपनीला काहीतरी घेऊन यावं लागलंय. काय काय आणलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

सुरुवात देवापासून करू. आणि हे मी शब्दशः म्हणतोय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सामान्य माणसाच्या घरात रंगीत चित्र ही फार दुर्मीळ गोष्ट होती. मग शिळाछापाचं तंत्र आलं. दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग त्यावर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे शाई फक्त चित्राच्या रेषांनाच धरते. रंगीत चित्र हवं असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि एकच कागद त्या सगळ्या दगडांवरून एकेक करून जाणार. केसभर जरी सरकला तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर! किचकट काम होतं, पण एकदा दगड तयार झाले की हजारो प्रती निघायच्या. पुण्यात 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली आणि रामपंचायतनासारखी रंगीत चित्रं लोकांच्या घरात पोचायला लागली. 1894 मध्ये राजा रविवर्मांनी मुंबईत स्वतःचा छापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. मुंबईत प्लेगचा काळ, वर धंद्यात तोटा. शेवटी विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रविवर्मांनी तो छापखाना त्यांच्याकडच्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकला. त्याचं नाव फ्रिट्झ श्लायशर.

रविवर्मांबद्दल आपण खूप ऐकतो, सिनेमेही बघतो. श्लायशरबद्दल कोणी बोलत नाही, आणि आजच्या विषयासाठी महत्त्वाचा माणूस तोच. कारण नुसत्या चित्रांवर छापखाना चालेना, म्हणून तिथे लेबलं आणि जाहिरातींची कामंही जोरात सुरू झाली. म्हणजे लक्ष्मी छापणारं यंत्र तेच, आणि साबणाची जाहिरात छापणारंही तेच. मग दोन्ही एकाच कागदावर यायला कितीसा वेळ लागणार?

तसंही परदेशी व्यापाऱ्यांना ही युक्ती आधीच कळली होती. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ठाणावर देवादिकांची रंगीत लेबलं चिकटवलेली असायची. वाचता न येणारं गिऱ्हाईक "ते कृष्णाचं कापड द्या" म्हणून माल ओळखायचं. स्वीडन आणि जपानमधून येणाऱ्या काडेपेट्यांवरही आपले देव होते. लीव्हर ब्रदर्सचा सनलाइट साबण 1888 मध्ये कलकत्त्याच्या बंदरात उतरला, आणि पुढच्या काही दशकांत सनलाइट, विनोलिया साबण, वुडवर्ड्सचं ग्राइप वॉटर अशा मालाची कॅलेंडरं निघायला लागली. वर पौराणिक चित्र, खाली साबणाचं नाव.

आता दुकानदाराच्या बाजूनं बघा. त्याच्या दुकानात गणपती-लक्ष्मीचा फोटो लागणारच. रोज सकाळी उदबत्ती, हार, मग पहिली बोहनी. तोच फोटो कोणीतरी फुकट देतंय, तोही झळझळीत रंगांत! त्यानं तो लावला, आणि लक्ष्मीबरोबर साबणही भिंतीवर चढला. वर्ष संपलं, तारखांचं चोपडं फाटून गेलं, तरी चित्र तिथेच. देवाचं चित्र कचऱ्यात टाकवत नाही हो कोणाला. दुसऱ्या कुठल्या जाहिरातीला एवढं आयुष्य मिळालं असेल? आज कंपन्या आपल्यासमोर पाच सेकंद टिकायला पैसे मोजतात. हे कॅलेंडर दहा-दहा वर्षं टिकायचं, आणि त्याच्यापुढे निरांजन लागायचं.

पण देव चालायचे दुकानाच्या आत. बाहेरच्या भिंतीचं काय? तिथे ऊन, पाऊस, धूळ. कागद एका पावसाळ्यात संपला. त्यावर तोडगा इंग्लंडमधून आला: एनॅमलची पाटी. लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत भुकटी लावायची आणि भट्टीत भाजायची. काच वितळून पत्र्याला धरते. आपल्या आजीच्या घरातला तो पांढरा, निळ्या कडेचा मग आठवा, तेच तंत्र. रंग उडत नाही, पाणी लागत नाही. फक्त दगड बसला की टवका उडतो आणि तिथून गंज चढतो.

या पाट्यांची सगळ्यात भन्नाट मोहीम चालवली चहावाल्यांनी. चहा तर भारतात पिकत होता, पण भारतीय माणूस तो फारसा पीत नव्हता. 1903 मध्ये सरकारनं निर्यातीच्या चहावर एक छोटा कर बसवला आणि तो पैसा चहाच्या प्रचारासाठी राखून ठेवला. 1930 च्या दशकात जागतिक मंदी आली, बाहेर भाव पडले, गोदामं भरली. मग सगळ्यांची नजर वळली इथल्या गिऱ्हाइकाकडे. फुकट चहा वाटणारी माणसं, गाड्या, पोस्टरं, आणि रेल्वे स्थानकांवर एनॅमलच्या पाट्या. बंगालमधल्या स्थानकांवरच्या पाट्यांवर चहा कसा करायचा याची चक्क कृती लिहिलेली असायची, स्थानिक भाषेत. किटलीत पत्ती घाला, वर उकळतं पाणी ओता, काही मिनिटं झाकून ठेवा, मग कपात दूध-साखर.

विरोधही झाला बरं का. आचार्य प्रफुल्लचंद्र राय चहाविरुद्ध बोलत होते. गांधीजींनाही चहा पसंत नव्हता. चहा म्हणजे मळ्यांचे गोरे मालक, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं होतं. आणि मग 1947 मध्ये अन्नदा मुन्शी या बंगाली चित्रकारानं एक पोस्टर केलं: चरख्याजवळ बसलेली बाई, हातात चहाचा कप, आणि संदेश असा की चहा शंभर टक्के स्वदेशी आहे. सगळा वाद एका चित्रात खिशात घातला!

पण या मोहिमेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. पाटी टपरीवाल्यानं लावून घेतली, आणि कृती मात्र पार धाब्यावर बसवली. कोण किटली झाकून वाट बघत बसतंय? त्यानं पाणी, दूध, साखर, पत्ती, आलं, सगळं एकाच पातेल्यात टाकलं आणि खळखळून उकळलं. पत्ती कमी लागते, चव दणकट येते, पोटाला आधार होतो. पुण्यातली अमृततुल्यं ज्या चहावर उभी आहेत तो याच जातीचा. म्हणजे वस्तू विकली गेली, पण कशी प्यायची ते गल्ल्यावर बसलेल्या माणसानं ठरवलं. छोटा दुकानदार म्हणजे कंपनीचा नुसता खिळा नव्हता, हे इथे स्पष्ट दिसतं.

आणि त्याची स्वतःची पोस्टरंही होती. ती आपण जाहिरातीच्या इतिहासात मोजतच नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. "आज रोख, उद्या उधार." ही पाटी दुकानदार स्वतःच्या खिशातून विकत आणायचा. एक चित्र तर तुम्ही कुठेतरी पाहिलंच असेल: एका बाजूला रोखीनं विकणारा गुटगुटीत शेठ, तिजोरी भरलेली, दुसऱ्या बाजूला उधारीवर विकणारा हाडकुळा माणूस, डोक्याला हात, आजूबाजूला उंदीर. असंच चित्र पार लॅटिन अमेरिकेतल्या दुकानांतही असायचं, कारण उधारीचं दुखणं सगळीकडे तेच. शेजारच्या माणसाला तोंडावर "नाही" म्हणता येत नाही, उद्या त्याच्याच घरी लग्नाला जायचंय. मग ते काम भिंत करते. "मी काय करू दादा, पाटीच लावलीय." गंमत म्हणजे पाटीच्या खाली गल्ल्यात उधारीची वही असतेच.

दुकानदाराची दुसरी हक्काची जाहिरात म्हणजे दिवाळी-नव्या वर्षाचं कॅलेंडर. स्वातंत्र्यानंतर यात तमिळनाडूतल्या शिवकाशीनं जवळजवळ सगळा देश व्यापला. फटाके, काडेपेट्या आणि छपाई, तिन्ही एकाच गावात. आपल्याकडे रघुवीर मुळगावकरांसारख्या चित्रकारांचे देव तर घराघरात पोचले. पद्धत सोपी होती. एजंट नमुन्यांचा अल्बम घेऊन यायचा, दुकानदार चित्र निवडायचा, आणि चित्राखाली मोकळी सोडलेली पट्टी असायची तिथे त्याचं नाव छापून यायचं: अमुक अमुक किराणा भुसार, प्रोप्रायटर तमुक. सराफ लक्ष्मी निवडणार, खताचा दुकानदार बैलजोडी. इथे पहिल्यांदा चित्राखालची जागा साबणाची नव्हती, दुकानदाराची होती. त्याचं नाव वर्षभर गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात. 1973 मध्ये जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय आलं आणि लोक कॅलेंडर पैसे देऊन घ्यायला लागले, कारण त्यात सण, पंचांग आणि मागच्या पानावर वाचायला मजकूर. भिंतीवर एकच खिळा असेल तर फुकटचं कॅलेंडर हरायला लागलं.

आता येऊ फ्लेक्सवर. पूर्वी दुकानाची पाटी पेंटर रंगवायचा. शिडी, ब्रश, खडूनं आखलेल्या रेषा. प्रत्येक पेंटरचं वळण वेगळं. जाणकार माणूस अक्षरावरून पेंटर ओळखायचा. पेंटरला पैसे दुकानदार द्यायचा, म्हणून नाव दुकानदाराचं मोठं. 2000 नंतर कॉम्प्युटरवर छापलेला फ्लेक्स स्वस्त झाला, आणि कंपन्यांचे सेल्समन म्हणायला लागले, "काका, बोर्ड आम्हीच करून देतो की!" फ्रेम, दिवे, बसवण्याचा खर्च, सगळं कंपनीचं. काकांचे काही हजार वाचले. बदल्यात बोर्डाचा मोठा भाग कंपनीचा आणि खाली कोपऱ्यात काकांचं नाव. एकाच रस्त्यावर दहा दुकानं एकाच रंगाची. तुम्हाला दुकानाचं नाव आठवत नाही त्याचं कारण बरंचसं इथे आहे.

हा सौदा मला चहाच्या पाटीपेक्षा महाग वाटतो. चहाची पाटी दुकानाच्या नावाशेजारी होती. फ्लेक्सनं नावाचीच जागा घेतली. महाराष्ट्रात 2022 मध्ये कायदा बदलून सगळ्या दुकानांना, अगदी छोट्यांनाही, पाटी मराठीत देवनागरीत करायला सांगितलं, आणि मराठी अक्षर इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालणार नाही असंही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, 2023 च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, आणि पाट्या बदलल्या. भाषेचा प्रश्न त्यात आला, यायलाच हवा होता. पण दुकानदाराचं नाव कंपनीच्या नावापेक्षा किती लहान असावं, यावर कोणी बोललं नाही.

अर्थात काकाही काही कमी नाहीत. मोहीम संपली की फ्लेक्स खाली उतरतो आणि उलटा होतो. पावसाळ्यात कांद्याच्या पोत्यांवर ताडपत्री, उन्हाळ्यात दुकानापुढे सावली. एनॅमलच्या पाट्यांचंही हेच व्हायचं, टपरीचं छप्पर म्हणा, गोदामाची खिडकी बुजवायला म्हणा. आज त्याच गंजक्या पाट्या मुंबईच्या चोरबाजारात आणि महागड्या कॅफेंमध्ये "व्हिंटेज" म्हणून दिसतात.

आणि सगळ्यात नवं पोस्टर? ते तुम्ही रोज बघता, नुसतं बघत नाही तर त्याच्यापुढे फोन धरता. 2016 मध्ये यूपीआय आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी झाली, आणि बघता बघता गल्ल्यासमोर क्यूआर कोडचा स्टँड उभा राहिला. वर कंपनीचं नाव ठळक, मध्ये तो चौकोन, आणि खाली बारीक अक्षरांत दुकानदाराचं नाव, अगदी शिवकाशीच्या कॅलेंडरासारखं. फरक इतकाच की पैसे पाठवायच्या आधी फोनच्या पडद्यावर काकांचं पूर्ण नाव येतं. कित्येक वर्षं "काका" म्हणत आलो त्यांचं आडनाव आपल्याला तिथे कळतं!

आता तर शेजारी एक डबीही असते, पैसे जमा झाले की मोठ्यानं सांगणारी. तिचं महिन्याचं भाडं अनेक दुकानदार स्वतः भरतात. म्हणजे यावेळी भिंत काकांची, गल्ला काकांचा, आणि कंपनीचं नाव दिवसभर पुकारणाऱ्या डबीचे पैसेही काकांचेच.

तुमच्या गावात अजून एखादी एनॅमलची पाटी किंवा पेंटरनं रंगवलेला बोर्ड शिल्लक असेल तर फोटो काढून आम्हाला पाठवा. आणि फोटो काढायच्या आधी दुकानदाराला विचारा, पाटी कुणी लावली होती आणि बदल्यात काय मिळालं होतं. पुढच्या भागात भेटू, पेंटर लोकांबरोबर.