भंडारा डोंगर

भंडारा डोंगर : पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील डोंगर व वारकरी संप्रदायाचे तीर्थस्थान. देहूच्या वायव्येस, इंद्रायणी नदीच्या उत्तरेला, तळेगाव–चाकण रस्त्यालगत तो आहे. इंदोरी व सुदुंबरे ही त्याच्या परिसरातील गावे. संत तुकाराम महाराजांची चिंतनभूमी म्हणून तो महाराष्ट्रभर ओळखला जातो.

डोंगर दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. माथ्यावरून मावळचा पूर्व भाग व त्याला लागलेले खेड तालुक्याचे शिवार एका नजरेत येते. दक्षिणेला इंद्रायणीचे वळणदार पात्र व त्यापलीकडे घोरावडेश्वराचा डोंगर, आग्नेयेला देहू, नैर्ऋत्येला तळेगाव दाभाडे, तर ईशान्येला भामचंद्र डोंगर. पावसाळ्यात उतार हिरवेगार होतात व खाली भातखाचरे पाण्याने भरतात. पाऊस सरल्यावर हवा निवळते, तेव्हा दूरवरचे डोंगरही स्पष्ट दिसतात.

इतिहास : डोंगराच्या कातळात प्राचीन बौद्ध लेणी असून तेथे विहार, स्तूप व पाण्याची टाकी आहेत. कार्ले, भाजे, बेडसे आणि शेलारवाडी ही लेणीही याच मावळात आहेत. कोकणातून बोरघाट चढून देशावर येणाऱ्या व्यापारी मार्गांचा हा पट्टा होता. भिक्षूंना वर्षावासासाठी निवारा आणि व्यापाऱ्यांच्या दानाचा आधार येथे मिळत असे.

सतराव्या शतकात तुकाराम महाराजांमुळे डोंगराला नवे महत्त्व आले. १६३०–३२ च्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पहिली पत्नी व मुलगा गेले. त्यानंतर ते एकांतासाठी भंडारा, भामचंद्र व घोरावडेश्वर या डोंगरांवर जाऊन बसत. वारकरी परंपरेनुसार त्यांची दुसरी पत्नी जिजाबाई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन डोंगर चढत असे. संसाराचा भार वाहणाऱ्या या माउलीचे स्मरण डोंगराच्या आख्यानात आजही आदराने केले जाते. बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश दिला, ती तिथी माघ शुद्ध दशमी. या दिवशी भंडाऱ्यावर मोठा सोहळा भरतो; तुकोबांच्या अभंगगाथेचे पारायण, कीर्तन व महाप्रसादासाठी गावोगावच्या दिंड्या येतात.

तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक व त्यांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे हे चाकणचे. त्यांची समाधी जवळच सुदुंबरे येथे आहे. अभंगांच्या निर्मितीचा आणि जतनाचा इतिहास असा या एकाच टापूत नांदतो.

आधुनिक काळ : १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या कंपनीची स्थापना झाली आणि या परिसराचे औद्योगिक रूप आकाराला येऊ लागले. पुढे उद्योग चाकणकडे सरकले. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा मोटार कारखाना तेथे सुरू झाला. आज माथ्यावरून पूर्वेला पाहिले की खालुंब्रे, महाळुंगे व चाकणच्या दिशेने कारखान्यांच्या पत्र्यांची छपरे, गोदामे आणि मालवाहू गाड्यांनी भरलेला रस्ता दिसतो. पाळी संपवून डोंगरावर दर्शनाला येणारा कामगार आणि पिढ्यान्‌पिढ्या वारी करणारा शेतकरी येथे एकाच पंगतीला बसतात.

भेट : माथ्यापर्यंत पक्का रस्ता आहे, पायी चढूनही जाता येते. वर तुकाराम महाराजांचे मंदिर असून नव्या भव्य दगडी मंदिराचे काम हाती घेण्यात आले आहे. मंदिरात येणाऱ्या गर्दीच्या मानाने लेण्यांकडे फार थोडे लोक वळतात. लेणी आणि गाथा हा एकाच डोंगराचा वारसा आहे. वाढत्या वस्तीत आणि बांधकामांत उतारांवरील झाडी व कातळातील ही लेणी सुरक्षित राहिली पाहिजेत. भाविकांनी व पर्यटकांनी लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरू नयेत, तसेच टाक्यांत कचरा टाकू नये.