खानखानान, अब्दुर्रहीम (रहीम)

(१७ डिसेंबर १५५६–१६२७). मोगल सेनापती, मुत्सद्दी आणि हिंदी-फार्सी कवी. हिंदीच्या पाठ्यपुस्तकातील दोह्यांमुळे मराठी मुलांना माहीत असलेल्या रहीमची निम्मी हयात दख्खनच्या स्वाऱ्यांत गेली, आणि त्यातील दोन महत्त्वाच्या लढायांचा जालना परिसराशी संबंध येतो.

जन्म लाहोरचा. वडील बैरामखान १५६१ मध्ये पाटण येथे मारले गेल्यावर अकबराने त्याला दरबारात वाढवले. गुजरातच्या मुजफ्फरशाहाचा पराभव केल्यावर त्याला ‘खानखानान’ हा किताब मिळाला. तो शाहजादा सलीमचा (पुढे बादशाह जहांगीर) अतालिक, म्हणजे पालक-शिक्षक, होता. १५८९ मध्ये तोडरमलाच्या मृत्यूनंतर साम्राज्याचे वकीलपद (सर्वोच्च मंत्रिपद) त्याच्याकडे आले. बाबरनाम्याचे फार्सी भाषांतरही त्याच वर्षी त्याने अकबराला सादर केले. पुढे त्याने सिंध जिंकले.

त्यानंतर दख्खनच्या मोहिमेत अहमदनगरच्या वेढ्यात (१५९५-९६) चांदबीबीपुढे मोगलांना तडजोड करावी लागली. फेब्रुवारी १५९७ मध्ये विजापूरचा सुहेलखान संयुक्त फौजेनिशी गोदावरीच्या खोऱ्यात रहीमच्या समोर आला. पाथरीपासून बारा कोसांवरील आष्टी हे रणक्षेत्राचे वर्णन परतूर तालुक्यातील आष्टीशी जुळते. काही इतिहासकार या लढाईलाच सोनपेठची लढाई म्हणतात. पहिल्या दिवशी खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. अंधार पडला तेव्हा जिंकले कोण, हेच दोन्ही फौजांना कळेना. हरलो तर तुम्हाला शोधायचे कुठे, असे दौलतखान लोदीने विचारले तेव्हा रहीमने ‘प्रेतांच्या ढिगाखाली’ असे उत्तर दिल्याची आख्यायिका मआसिर-उल्-उमरा या ग्रंथात आहे. दुसऱ्या दिवशी सुहेलखानाची फळी मोडली.

जहांगीरच्या काळात अहमदनगरच्या निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर याने रहीमला जेरीस आणले. १६१० च्या मोहिमेत अपयश आल्यावर त्याला परत बोलावले गेले आणि फितुरीचा संशयही त्याच्यावर घेतला गेला. तरी दोनच वर्षांत दख्खनसाठी पुन्हा त्याचीच आठवण झाली. १६१६ मध्ये त्याचा मुलगा शाहनवाजखान याने जालन्याजवळ रोशनगाव येथे अंबरचा पराभव करून खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) उद्ध्वस्त केली. सिंदखेडचे जाधवराव या वेळी मोगलांच्या बाजूस होते. विजय मोठा, पण टिकाऊ नव्हे. अंबर लवकरच सावरला.

जहांगीरचा बंडखोर मुलगा शाहजहान याला साथ देणे रहीमला भोवले. दुसरा मुलगा दाराबखान याचा १६२५ मध्ये शिरच्छेद झाला. पुढे जहांगीरने माफी देऊन रहीमचा किताब परत केला.

दोहावली, बरवै नायिका-भेद, नगरशोभा व मदनाष्टक या त्याच्या प्रमुख रचना. ब्रज, अवधी, फार्सी, तुर्की व संस्कृत या भाषांवर त्याची पकड होती. बुऱ्हाणपूरचा त्याचा दरबार कवींचे मोठे आश्रयस्थान होता. तेथील अब्दुल बाकी नहावंदी याने त्याचे मआसिर-इ-रहीमी हे फार्सी चरित्र रोशनगावच्या लढाईच्याच वर्षी पूर्ण केले. दिल्लीत निजामुद्दीन भागात पत्नीसाठी बांधलेल्या मकबऱ्यातच त्याचे दफन झाले. अठराव्या शतकात या मकबऱ्याचा संगमरवर काढून सफदरजंगाच्या मकबऱ्यासाठी नेण्यात आला.